दोन दात्यांच्या मध्ये

धुळ्याच्या भंगारबाजारात ते चाक
मोटारसायकलींच्या रिमांखाली होतं,
हस्तिदंती, म्हणजे एकेकाळी; आता
चहा सांडून वाळलेल्या बशीसारखं.
चौदाशे म्हणाला. नऊशेवर आला.
मी ते खांद्यात अडकवून अमळनेरच्या बसमध्ये चढले
आणि कंडक्टरने विचारलं, बाई, गाडी मागून येते का?

गाडी केव्हाची दारात आहे.
फियाट अकराशे, चौसष्ट सालची, द्वारका आत्याची.
मुलींच्या शाळा तपासायला
ती हिच्यातून चोपड्याला, शिरपूरला, पार शहाद्यापर्यंत जायची,
मागच्या सीटवर हजेरीपटांचा गठ्ठा
आणि फिरकीचा तांब्या.

एक्क्याण्णव साली विलासने, माझ्या भावाने,
मूळचं चाक काढून लहानसं बसवलं,
लाल रेग्झिनचं, भोकाभोकांच्या दांड्यांचं.
आत्या एवढंच म्हणाली: ताट काढून वाटी दिलीस.
वाटीने वळवताना तिचे खांदे भरून यायचे.
बोलली नाही कुणाला. मालिशचं तेल
लवकर संपायला लागलं, त्यावरून कळलं.
ताट कुणाला दिलं ते विलासला आठवत नाही.

लुकमान मन्यारचं गॅरेज बोरी नदीच्या कडेला.
त्याचे आजोबा बांगड्यांची पेटी घेऊन बाजार करायचे;
हा गाड्यांत शिरला, पण हात तेच.
हॉर्नची तार बाजूला. सत्तावीसचा पाना.
पुलरची दोन बोटं, एक कडक आवाज,
आणि वाटी सुटून त्याच्या मांडीवर.
मग त्याने ताट उचललं,
भेगांत मी भरलेलं एम-सील अंगठ्याने चाचपलं,
दांडीच्या दात्यांना ग्रीस लावलं
आणि जोर न करता, घुमवत, थांबत,
एखादीला बोलण्यात गुंतवून
चुडा भरावा तसं
भरलं.
"आते दखा. बठनं."

मी आत बसले. धरलं.
खाली, डाव्या हाताशी, अंगठ्याएवढी झीज लागली.
गुळगुळीत. बोट आपोआप तिथे गेलं.
पण आत्या वर धरायची, घड्याळातल्या दहा-दहासारखं.
नदीच्या कोरड्या पात्रात मला शिकवताना
बोटांवर पट्टी मारून तिने वरच धरायला लावलं होतं.
ही झीज दुसऱ्याची. कुणा निवांत माणसाची,
उजवा कोपर खिडकीबाहेर,
तोंडात बहुतेक पान.
नमस्कार, म्हटलं मनात. जरा सरका.

चोपडा रोडवर निघालो.
रस्ता सरळ, गाडी सरळ, चाक मात्र
डावीकडे कललेलं, खिळा निसटलेल्या फोटोसारखं.
परत आलो. पाना. पुलर. एक दाता पुढे.
आता उजवीकडे, तेवढंच.
खालून टायरॉडने जुळलं असतं,
पण ते नट साठ वर्षांचे, हात लावला की हातात येतील.
लुकमान टायरवर बसला आणि हसला.
"बाई, मधला दाता शेच नही.
तुमीन सांगा, रोडले कोनती बाजूले खड्डा जास्त शेतस?"

मी खरंच विचार केला.
केळीचे ट्रक चोपड्याकडून भरून येतात, रिकामे जातात.
म्हणजे जाताना समोरची बाजू वाईट
आणि येताना आपलीच.
यातून काही निघेना.

मग पुन्हा धरून पाहिलं.
उजवीकडे कललं की ती झीज
थोडी वर सरकते.
सातावरून निघते, आठालाही पोचत नाही,
पण तोंड दहाकडे.

राहू दे असंच, म्हटलं.

त्याने नट आवळला, तार जोडली, हॉर्न वाजवून पाहिला;
नदीतली दोन डुकरं पळाली.
किती झाले, विचारलं तर म्हणाला,
पैसे बांगड्यांचे असतात, भरायचे नसतात.
आणि मग दीडशे घेतले.